डावे पान क्रॉयडनचे, उजवे पान कोकणचे

आपल्या मुलांना समाजाचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण सर्वजण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतो. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना त्यांनी तेथेच मूठमाती दिली, पुढे गावोगाव पसरून तेलाचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ही हकीकत आपल्याला आपल्या आज्यांनी सांगितली व आपणही ती इमानाने पुढे सांगितली. परंतु क्रॉयडनमध्ये जन्मलेल्या नातवाला घाणा म्हणजे काय ते ठाऊक नसते. त्याने समुद्र पाहिला तो ब्रायटनचा. त्याच्या दृष्टीने नवगाव हे परीकथेतल्या गावाइतकेच दूर असते. तो गोष्ट मुकाट्याने ऐकतो, "हो आजी" म्हणतो आणि विसरून जातो. यात मुलाचा काही दोष नाही.

क्रॉयडन व आजूबाजूच्या भागात राहणाऱ्या, नोकरीतून निवृत्त झालेल्या आम्ही काही बायका गेली काही वर्षे रविवारी सकाळी आपल्या व ओळखीच्या घरांतील मुलांना घेऊन बसतो, कधी हिंडतो. या अनुभवावरून आमचे मत असे झाले आहे की मुलाला स्वतःच्या पूर्वजांचा इतिहास शिकवायचा असेल तर आरंभ नवगावापासून करू नये. तो मुलाच्या पायाखालच्या रस्त्यापासून करावा. क्रॉयडनच्या रस्त्यावर उभे राहून कोकणापर्यंत जाता येते, आणि ती वाट आपल्याला वाटते तेवढी लांब नाही. ती कशी, हे येथे थोडक्यात सांगायचे आहे.

आमचे स्वतःचे शिक्षण मराठी शाळेत झाले. तिसरीला जिल्ह्याचा भूगोल असे. अलिबाग, पेण, पनवेल, रोहे, माणगाव, महाड ही नावे आम्ही एका सुरात पाठ केली होती. तो कुलाबा जिल्हा. १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. चौथीला शिवाजी महाराज. आधी आपला जिल्हा, मग आपले राज्य, मग देश आणि शेवटी जग, असा तो क्रम होता आणि तो शहाणपणाचा होता. इंग्लंडातही आता तसेच मानतात. १९८८ च्या शिक्षण कायद्याने सर्व सरकारी शाळांना एक अभ्यासक्रम आला. त्याच्या २०१४ पासून चालू असलेल्या आवृत्तीत पाच ते सात वर्षांच्या मुलांनी आपल्या गावातील महत्त्वाच्या घटना, माणसे व ठिकाणे शिकावीत आणि सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसराच्या इतिहासाचा एक विषय नीट अभ्यासावा असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे निम्मे काम शाळाच करून देते. उरलेले निम्मे घरी करायचे.

त्यासाठी साहित्य फार लागत नाही. प्रत्येक मुलाला आम्ही एक मोठी वही, पेन्सिल व फूटपट्टी देतो. वहीचे डावे पान क्रॉयडनचे, उजवे पान कोकणचे किंवा मुंबईचे. डाव्या पानावर जे लिहिले त्याच काळात उजवीकडे काय चालले होते ते शोधायचे. आणि प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारायचे: काय झाले, कधी झाले, आणि हे कोणी सांगितले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर तेवढी जागा कोरी सोडायची. कोरी जागा सोडायला मुलांना आवडत नाही, पण हळूहळू त्यांना तिची किंमत कळते.

बाजार आणि धर्मशाळा

पहिला फेरफटका सरी स्ट्रीटच्या बाजारात. आर्चबिशप किलवर्डबी यांनी १२७६ साली येथे बाजार भरवण्याचा हक्क मिळवला. क्रॉयडन हे कँटरबरीच्या आर्चबिशपांचे मुक्कामाचे गाव होते व त्यांचा वाडा जवळच आहे. मुलांना आम्ही एक-एक पौंड देतो व त्यात काय येते ते लिहून आणायला सांगतो. एकीने कोथिंबिरीची जुडी आणली आणि भाजीवाल्याने तिचे नाव काय सांगितले तेही लिहून आणले. गावाच्या नावाचीही येथेच गंमत सांगावी. क्रॉयडन या नावाचा अर्थ जुन्या इंग्रजीत केशराची दरी असा पुष्कळ विद्वान लावतात. केशर घातलेला शिरा घरी होतोच, तेव्हा मुलांच्या डोक्यात हे नाव पक्के बसते.

तेथून चार पावलांवर, नॉर्थ एंड व जॉर्ज स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, ट्रामच्या रुळांशेजारी एक विटांची बैठी जुनी वास्तू आहे. आर्चबिशप जॉन व्हिटगिफ्ट यांनी गरीब वृद्धांना राहण्यासाठी ती बांधली. काम १५९६ मध्ये सुरू झाले व १५९९ मध्ये पुरे झाले. मुले रोज तिच्यासमोरून जातात, पण थांबून पाहत नाहीत. आम्ही त्यांना समोरच्या बाजूस उभे करून नुसता दरवाजा काढायला लावतो. चित्र काढायला वीस मिनिटे लागतात, आणि वीस मिनिटे एखाद्या वस्तूकडे पाहिले की ती आपली होते.

मग उजवे पान. १५९९ मध्ये आपल्याकडे काय होते? चौल-रेवदंड्याला पोर्तुगीज होते. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून एकतीस वर्षे होती. एवढे लिहिले की मुलांना प्रथमच वाटते की आपली व येथली वर्षे एकाच कॅलेंडरवरची आहेत.

या वास्तूची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रस्ता रुंद करण्यासाठी ती पाडण्याचे घाटत होते. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले व १९२३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मध्ये पडून ती वाचवली. जुनी वस्तू आपोआप टिकत नाही, कोणीतरी हरकत घ्यावी लागते, हा धडा मुलांनी येथे शिकावा. नाहीतर जुने ते उगाच उरले असे त्यांना वाटत राहते.

आउट्रम रोडचा प्रश्न

दुसरा फेरफटका ॲडिस्कोम्बचा. तेथे आउट्रम रोड, हॅवलॉक रोड, कॅनिंग रोड, क्लाइड रोड, एल्गिन रोड असे रस्ते जवळजवळ आहेत. मुलांना आम्ही प्रथम काहीच सांगत नाही. नकाशावर नावे शोधून वहीत उतरवायला लावतो व मग विचारतो, ही माणसे क्रॉयडनची होती का? नव्हती. ही सर्व नावे हिंदुस्थानशी संबंधित आहेत.

कारण असे. १८०९ ते १८६१ पर्यंत येथे ईस्ट इंडिया कंपनीची लष्करी शाळा होती. कंपनीच्या फौजेसाठी तोफखान्याचे व इंजिनिअर खात्याचे, आणि पुढे पायदळाचेही, अधिकारी येथे तयार होत. साडेतीन हजारांवर तरुण या शाळेतून बाहेर पडले. त्यांना हिंदुस्थानी भाषाही शिकवीत, आणि ती शिकवणाऱ्या प्रोफेसरांचे नाव होते जॉन शेक्सपिअर! नाटककार शेक्सपिअर नव्हे हे सांगितल्यावर मुले हसतात, पण नाव विसरत नाहीत. १८५७ नंतर कंपनीचे राज्य गेले, शाळा बंद झाली, १८६३ मध्ये मुख्य वाडा सुरुंगाची दारू लावून पाडला व जमिनीवर घरांचे प्लॉट पडले. रस्त्यांना नावे दिली ती त्या वेळी गाजलेल्या सेनापतींची व गव्हर्नर जनरलांची. हॅवलॉक रोडवर त्या शाळेच्या व्यायामशाळेची इमारत अजून उभी आहे. तेथे आता लोक राहतात.

आता उजवे पान. आउट्रम तरुणपणी खानदेशात होता व तेथे त्याने भिल्लांची पलटण उभी केली. आणि कंपनीच्या मुंबई फौजेत आपले लोक मोठ्या संख्येने होते. कोणी शिपाई, कोणी हवालदार, कित्येक सुभेदार व सुभेदार मेजर झाले. मुंबईची पहिली मशीद, म्हणजे आपले शाआर हारहमीम सिनेगॉग, १७९६ मध्ये बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हेही कंपनीच्या फौजेतील कमांडंट होते व म्हैसूरच्या युद्धात कैदेत पडले होते. म्हणजे ॲडिस्कोम्बच्या मैदानावर कवायत शिकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा मुंबईला उतरे, तेव्हा ज्या फौजेत तो दाखल होई तिच्या रांगांत आपल्यापैकी कोणाचे तरी पणजोबा उभे असत. वयाने त्याच्या दुप्पट, अनुभवाने दसपट, आणि तरी हुद्द्याने त्याच्या खाली.

येथे मुले प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न टाळू नयेत असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एका मुलाने विचारले, "हॅवलॉक जर आपल्या लोकांशी लढला, तर आपले आजोबा कोणत्या बाजूला होते?" शाळेत त्याला एक उत्तर मिळेल, हिंदुस्थानी मित्राच्या घरी दुसरे मिळेल. आम्ही त्याला सांगितले की आपले आजोबा पगारी शिपाई होते. कोकणात तेलाच्या घाण्यावर पोट भरेना म्हणून ते पलटणीत गेले. पलटणीने त्यांना पगार, पेन्शन व अक्षरओळख दिली. त्याच पलटणीने परक्यांचे राज्यही टिकवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व दोन्ही वहीत लिहायच्या. दहा वर्षांच्या मुलाला हे समजत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा समजावून पाहावे.

क्रॉयडनहून निघालेली टपाल

मुलांना सर्वांत आवडणारा फेरफटका म्हणजे पर्ली वे येथील जुन्या विमानतळाचा. १९२० ते १९५९ पर्यंत क्रॉयडन येथे विमानतळ होता व दुसऱ्या महायुद्धापूर्वी लंडनचा मुख्य विमानतळ तोच. १९२८ मध्ये उघडलेली त्याची इमारत अजून आहे, आत एक छोटे संग्रहालय आहे. ते रोज उघडे नसते म्हणून आधी चौकशी करून जावे. ५ मे १९३० रोजी एमी जॉन्सन येथूनच एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली आणि २४ मे रोजी डार्विनला पोचली. मुलींना ही गोष्ट अवश्य सांगावी.

येथे एक सोपा खेळ आहे. संकटात सापडलेला वैमानिक रेडिओवर "मेडे" अशी हाक देतो. फ्रेंच भाषेतील "मला मदत करा" या शब्दांवरून ही हाक बसवली ती क्रॉयडन विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी, १९२० नंतरच्या काही वर्षांत. आता थॉर्नटन हीथला मेडे रोड आहे व तेथले मोठे हॉस्पिटल वर्षानुवर्षे मेडे हॉस्पिटल म्हणून ओळखले जाई. २०१० मध्ये त्याचे नाव क्रॉयडन युनिव्हर्सिटी हॉस्पिटल झाले. मग हॉस्पिटलचे नाव वैमानिकाच्या हाकेवरून पडले का? मुले एकमुखाने हो म्हणतात. तेव्हा त्यांना सनावळी पाहायला सांगावी. मेडे रोडवर ते रुग्णालय १८८५ मध्ये उघडले. रस्त्याचे नाव आधीचे, हाक नंतरची. दोन सारख्या नावांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऐकायला पटणारी गोष्ट खरी असेलच असे नाही, हे मुलाला स्वतःच्या गावात सापडले की ते त्याला कायमचे समजते.

उजव्या पानावर टपालाचा रस्ता काढायचा. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची हिंदुस्थानची पहिली विमानसेवा क्रॉयडनहून निघाली. मध्ये बाझेलपासून जिनोव्हापर्यंत चक्क आगगाडी होती, पुढे समुद्रावर उतरणारे विमान, आणि सुमारे सात दिवसांनी कराची. कराचीहून पुढची सोय १९३२ मध्ये झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन लहानसे पस मॉथ विमान स्वतः चालवत, अहमदाबादमार्गे जुहूला आणले. लंडनहून आलेले पत्र अशा रीतीने क्रॉयडनच्या गवतावरून निघून जुहूच्या मैदानावर उतरू लागले. आपल्या पेटीत आजोबांची हवाई टपालाची जुनी पाकिटे असतील तर ती मुलांना दाखवा. शिक्का वाचायला लावा. किती दिवसांत पोचले ते मोजायला लावा.

येथेच अस्पी इंजिनिअर या सतरा वर्षांच्या पारशी मुलाची गोष्ट सांगावी. १९३० मध्ये आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांमध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या हिंदी माणसास ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. अस्पी क्रॉयडनहून कराचीकडे निघाला, टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघे भेटले. अस्पीच्या विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता. टाटांनी आपल्याजवळचा त्याला दिला. बक्षीस अस्पीने जिंकले. पुढे तो हिंदी वायुसेनेचा प्रमुख झाला. ही गोष्ट ऐकून एका मुलाने विचारले की टाटांना वाईट वाटले असेल का. आम्ही त्याला म्हटले, वहीत तुझे मत लिही, पण खाली "हे माझे मत" असेही लिही.

ॲडिंग्टनची विहीर

जन्मभर नर्सिंग केल्यामुळे आमचा जीव ज्या विषयात जास्त रमतो तो आता सांगतो. १९३७ च्या शरद ऋतूत क्रॉयडनमध्ये टायफॉइडची साथ आली. ३४१ माणसे आजारी पडली व ४३ दगावली. ॲडिंग्टन येथील विहिरीतून नळाला पाणी जाई. त्या विहिरीत दुरुस्तीचे काम चालू होते. कामगार आत उतरत होते, त्या दिवसांत पाणी गाळण्याचे व त्यात क्लोरीन घालण्याचे बंद होते, आणि तरी तेच पाणी घरोघर जात होते. कामगारांपैकी एकाला पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला होता. तो दिसायला ठणठणीत, पण त्याच्या पोटात जंतू होते. विहिरीचे काम चालू आहे हे पाणी पाहणाऱ्या खात्याला ठाऊक, आरोग्य पाहणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नाही. सरकारी चौकशीत हे सर्व बाहेर आले.

आम्ही मुलांना एक मोठा कागद देतो. त्यावर घरे काढायची. काही घरांना एका विहिरीचे पाणी, काहींना दुसऱ्या. मग आजाऱ्यांच्या घरावर लाल टिंब द्यायचे आणि विहीर कोणती ते मुलांनी ओळखायचे. डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीच्या साथीत असेच केले होते. मुलांना ही गुप्त पोलिसाची कामगिरी वाटते. शेवटी आम्ही विचारतो, चूक कोणाची? कोणी कामगाराचे नाव घेतो. त्यावर बराच वाद होतो. ज्याला आपण आजार पसरवतो हे ठाऊकच नाही त्याला दोष कसा द्यावा? आणि ज्या दोन खात्यांनी एकमेकांना एक चिठ्ठी लिहायची ती लिहिली नाही, त्यांचे काय? वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे की पाळी बदलताना सांगायचे राहिलेले एक वाक्य औषधापेक्षा महत्त्वाचे असते.

उजव्या पानावर मुंबईचे पाणी. विहार तलाव बांधून १८६० मध्ये मुंबईला नळाने पाणी आले. त्याआधी विहिरी व टाक्या. घरी आजीला विचारून यायचे: तुझ्या लहानपणी पाणी कोठून येई, कोण भरी, कशात भरी, उकळत का? एका आजीने अलिबागच्या विहिरीवरचा रहाट, पितळेचा हंडा, कळशी व गाळायचे फडके असे सगळे सांगितले. नातीने हंड्याचे चित्र काढले व खाली इंग्रजी शब्द न सापडल्यामुळे "हंडा" असेच देवनागरीत लिहिले. ती तिने लिहिलेली पहिली मराठी अक्षरे.

आडनाव हा पहिला दस्तऐवज

एवढे झाल्यावर मग आम्ही नवगावाकडे वळतो. आता मुलांजवळ तीन प्रश्न असतात. त्यांना आम्ही विचारतो, तुमच्याजवळ तुमच्या गावाचा कागद आहे का? नाही म्हणतात. आहे! तुमचे आडनाव. केहिमकर म्हणजे किहीमचे, रोहेकर रोह्याचे, पेणकर पेणचे, दिवेकर दिव्याचे, चेऊलकर चौलचे, नवगावकर नवगावचे. कित्येक घरांनी परदेशात आडनाव टाकून वडिलांचे नाव लावले आहे. त्यांनी आजीला जुने आडनाव विचारावे. रायगड जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरून प्रत्येकाने आपले गाव शोधायचे व तेथे टाचणी लावायची. क्रॉयडनच्या मुलांपैकी फार थोड्यांच्या नावात त्यांचे गाव असते. आपल्या मुलांच्या नावात ते आहे.

मग गलबताची गोष्ट. ती सांगावी, आनंदाने सांगावी, पण तिसरा प्रश्न विसरू नये: हे कोणी सांगितले? ही पिढ्यान् पिढ्या तोंडी आलेली कथा आहे व नवगावची दफनभूमी तिची साक्ष म्हणून दाखवतात. लिहिलेला पुरावा पुष्कळ नंतरचा. कोचीनचे एझेकिएल राहाबी यांच्या १७६८ च्या पत्रात कोकणातील आपल्या लोकांचा उल्लेख आहे: ते तेल काढतात, शब्बाथ पाळतात, आणि त्यांना शेमा तेवढा येतो. कथा एका रकान्यात, पत्र दुसऱ्या रकान्यात. असे केल्याने कथेचा मान कमी होतो असे काहींना वाटते. आमचा अनुभव उलट आहे. मोठेपणी मुलाला कोणी "ही दंतकथा आहे" म्हणून हिणवले तर तो गडबडून जात नाही. कथा कोणती व कागद कोणता हे त्याला आधीच ठाऊक असते.

आणि पुस्तके. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचे नाव प्रत्येक मुलाला माहीत असावे. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. चाळीस वर्षे हस्तलिखित तसेच पडून होते. ते वाळवीने खाल्ले असते किंवा पावसात भिजले असते तर आज आपल्याला आपल्याविषयी किती थोडे ठाऊक असते! मोठ्या मुलांना त्यातील गावांची व रीतिरिवाजांची पाने वाचून दाखवता येतात. त्याबरोबर डॉक्टर जेरुशा झिराड यांची हकीकत सांगावी. शिष्यवृत्ती मिळवून त्या १९१२ मध्ये लंडनला शिकायला आल्या व पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. आपल्या आधीही आपली माणसे या शहरात येऊन गेली आहेत हे मुलांना त्यावरून कळते. लूनर हाउसच्या रांगेपासूनच आपला येथला इतिहास सुरू झाला, असे त्यांना वाटू नये.

हे आताच का

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? मुले मोठी झाली की वाचतील. यावर आमचे उत्तर आम्ही नर्स म्हणून जे पाहिले त्यातून आले आहे. माणूस फार वृद्ध झाला व स्मरण जाऊ लागले की पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते. पन्नास वर्षे इंग्रजीत संसार केलेली आजी शेवटी मराठीत बोलू लागते. ती आईला हाक मारते, वाडीचे नाव घेते, मलिद्याला कोण कोण आले ते सांगते. खाटेशेजारी नातू बसलेला असतो, त्याचे तिच्यावर प्रेमही असते, पण ती काय बोलते आहे हे त्याला कळत नाही. जिच्याजवळ सर्व उत्तरे होती तिला विचारायचे दिवस निघून गेलेले असतात. पुस्तक चाळीस वर्षे थांबू शकते. माणूस थांबत नाही.

ज्या मुलाने व्हिटगिफ्टच्या दरवाजाचे चित्र काढले, रस्त्यांची नावे तपासली आणि विहिरीचा माग काढला, त्याला प्रश्न विचारायची सवय लागलेली असते. असे मूल आजीच्या घरी गेले की भिंतीवरच्या फोटोकडे पाहून विचारते, हे कोण, कधीचे, तुला कोणी सांगितले? आम्हाला क्रॉयडनचा इतिहास एवढ्यासाठी शिकवायचा आहे. तो मुलांच्या उपयोगाचा आहेच, पण आजीच्याही उपयोगाचा आहे. बोलायला तिला कोणीतरी हवे असते.

समाजबंधू व भगिनींना शेवटी एवढीच विनंती. आपण लंडनमध्ये असा, लोदमध्ये असा, सिडनीत असा की ठाण्यात, ज्या गावी राहता त्या गावाचे डावे पान करा. तेथील लायब्ररीत गावाच्या इतिहासाचे कपाट असतेच. येथे कॅथरीन स्ट्रीटवरच्या क्लॉकटॉवर इमारतीत म्युझियम व जुन्या कागदपत्रांचा विभाग आहे. उजवे पान घरातील वडीलधाऱ्यांकडून भरून घ्या. आणि या रविवारी एक लहानसे काम करा: पेटीतले फोटो काढा, मुलांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोच्या पाठीमागे माणसांची नावे, गाव व साल लिहा. शाई उतरते, कागद पिवळा पडतो, म्हणून मऊ पेन्सिलीने लिहा. जे आठवत नाही तेथे जागा कोरी सोडा. दुसऱ्या घरी कोणालातरी ते आठवत असेल.